उन्हात ठेवलेला सेल

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली, रेणापूरजवळच्या आमच्या गावात. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती, म्हणून तिथंच थांबले. तसं हे कुणी वाचणार नाही. घरातले सगळे बाहेर गेले की मी लिहिते आणि वही पिठाच्या डब्यामागं ठेवते. पण वही अक्कांची आहे, आणि अक्कांच्या वस्तूत खाडाखोड करायची मला अजून भीती वाटते.

ही कॉलेजातली प्रॅक्टिकलची वही आहे. एक पान रेघांचं, समोरचं कोरं. रेघांवर लिहायचं आणि कोऱ्यावर आकृती काढायची असते. मला आकृती येत नाही, म्हणून ती पानं मी तशीच सोडली आहेत. अक्कांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्या भाचीनं त्यांचं टेबल आवरलं तेव्हा ही वही आणि बर्फाचा एक ट्रे माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला. ट्रेवर अक्कांनी आधीच चिठ्ठी लावली होती, "कौशाचा".

अक्कांचं नाव शकुंतला बिराजदार. निलंग्याकडच्या. लातूरच्या एका कॉलेजात विज्ञानाच्या लॅबमध्ये त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली. शिकवायला नाही, टेबलं मांडायला. पोरं यायच्या आधी तारा, सेल, मीटर लावून ठेवायचे, पोरं गेली की पुसून कपाटात घालायचे. त्या एकट्या राहायच्या. त्यांच्या घरामागच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत आम्ही भाड्यानं होतो. माझे मालक डाळ मिलमध्ये पोती उचलतात. मीही त्याच मिलमध्ये डाळ निवडायला जायची. मग निवडायचं यंत्र आलं आणि आम्हा बायकांना घरी बसवलं. तेव्हापासून मी अक्कांच्या पोळ्या आणि भांडी करायला लागले.

अक्कांच्या घरात देव एका कोनाड्यात होते आणि बाकी सगळी खोली टेबलानं भरलेली होती. त्या आवाजाच्या डब्या करायच्या. साबणाची प्लास्टिकची डबी घ्यायची, तिला आतून पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद चिकटवायचा, म्हणजे घरातल्या विजेची घरघर आत शिरत नाही. मग आत चार-पाच बारीक वस्तू जोडायच्या. अशी डबी वाद्य आणि स्पीकरच्या मध्ये लावली की बारीक, पत्र्यासारखा येणारा आवाज भरून यायचा. कुणी मागितली तर विकायच्या, नाहीतर स्वतःच करून, ऐकून, परत उसवून ठेवायच्या. शेजारच्या बायका म्हणायच्या, अक्का पेन्शन साबणात घालतात.

डबीतली मुख्य वस्तू म्हणजे जेफेट. तोही ट्रान्झिस्टरच. हरभऱ्याएवढा काळा दाणा, एका अंगानं सपाट, त्याला तारेसारखे तीन पाय. तोवर ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ एवढंच मला माहीत होतं. अक्कांनी मला तो शेतातल्या पाण्यावरून समजावला.

"मोटार चालू हाय, रबरी पाइपातून पाणी वाहून राहिलंय. तू पाइपावर पाय दे. पाणी कमी होतं का न्हाई?"

मी म्हणाले, होतं.

"आन् पाय भिजला का?"

मी म्हणाले, नाही.

"मग झालं. ह्यातला एक पाय म्हंजे गेट. नुसता दाबतो, पाणी पीत न्हाई. म्हणून नाजूक वाद्याला हाच लावायचा, वाद्यातलं काही हा खात न्हाई." आणि मग माझ्याकडं बघून हसल्या. "बाकीचे ट्रान्झिस्टर ढकलल्याबिगर चालत न्हाईत. हा आधीच चालू असतो, ह्याला आवरावं लागतं. तू त्या बाकीच्यांतली हायस, कौशे."

खोटं नव्हतं. एकदा त्यांनी मला शिशाची तार आणायला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पाठवलं होतं. दुकानात सगळे पुरुष. मी समोरच्या रसाच्या गाड्याजवळ तासभर उभी राहिले, आत कोण जातं, कोण येतं ते बघितलं, आणि घरी येऊन सांगितलं की दुकान बंद होतं.  संध्याकाळी अक्का स्वतः जाऊन आल्या, तार टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "उघडलं बरं का दुकान, मी गेल्यावर." त्यानंतर त्यांनी मला कधी दुकानात पाठवलं नाही.

माझं टेबलावरचं काम सुरू झालं ते तांदळावरून. मी त्यांच्या दारात सूप घेऊन बसले होते. अक्का बराच वेळ माझ्या हातांकडं बघत उभ्या राहिल्या. मग आत जाऊन एका पुडीतले काळे दाणे आणले आणि रिकाम्या ताटात ओतले. म्हणाल्या, ह्यातले सारखे सारखे वेगळे काढ. मी उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, सगळे सारखेच आहेत, सगळ्यांवर नंबरही एकच छापलाय. त्या एकदम खूश झाल्या. हेच ऐकायचं होतं बहुतेक.

"छापलेलं वाचू नको. मोज."

मोजायचं असं. भोकांची एक पट्टी, तिला एक चौकोनी सेल आणि मीटर जोडलेलं. दाण्याचे दोन पाय पट्टीत एकमेकांना जोडले जायचे आणि तिसऱ्यातून किती वाहतं ते मीटर दाखवायचं. पहिला दाणा लावला, एक पूर्णांक सहा आले. दुसरा लावला, चार पूर्णांक तीन. एकाच कारखान्यातले, एकाच पुडीतले. मला विश्वास बसेना, पहिला परत लावला. परत एक पूर्णांक सहा.

"बघ," अक्का म्हणाल्या, "एका आईची पोरं."

मग तेच माझं काम झालं. भांडी झाली की मी पदर खोचून टेबलाशी बसायची. बर्फाच्या ट्रेला आठ कप्पे, अर्ध्या अर्ध्या आकड्याचा एक. प्रत्येक कप्प्याला एक रंग, आणि मोजलेल्या दाण्याच्या डोक्यावर त्या रंगाचा एक ठिपका. रंग म्हणजे नेलपॉलिश. अक्कांनी जन्मात कधी नखाला लावलं नाही, पण बांगड्यांच्या दुकानात जाऊन आठ बाटल्या घेऊन आल्या. दुकानदारीण म्हणाली, अक्का, घरात लग्न दिसतंय. अक्का म्हणाल्या, हाव, दोनशे नवऱ्या हायत.

त्यांचे नियम थोडे होते, पण त्यात सूट नव्हती. दाणा बोटानं धरायचा नाही, कपड्याच्या लाकडी चिमट्यानं धरायचा, कारण बोटाच्या ऊबेनंही आकडा हलतो. हे मी स्वतः बघितलं. दाणा बोटांत धरला की मीटरवरचा शेवटचा आकडा सरकत जायचा, सोडला की हळूहळू जागेवर यायचा. "हात लावून मोजलेलं खोटं," असं त्या म्हणायच्या. आकडा थांबेपर्यंत रंग लावायचा नाही. आणि सकाळी सगळ्यांत आधी टोपीवाला मोजायचा.

टोपीवाला म्हणजे पत्र्याच्या गोल टोपीचा, चार पायांचा जुना जेफेट. निवृत्त झाल्या तेव्हा कॉलेजनं नारळ आणि शाल दिली, आणि अक्कांनी साहेबांना विचारून हा एक मागून घेतला. लॅबमधला प्रत्येक टोपीवाला त्यांना पाठ होता. पोरांनी वहीत लिहिलेले आकडे बघून त्या सांगायच्या, हे तीन नंबरच्या टेबलावरचं हाय, तिथला आळशी हाय. एकदा म्हणे एक नवे सर फळ्यावर जोडणी शिकवत होते आणि टेबलावर मीटरचा काटा हलेना. सर सेल बदलायला सांगत होते. अक्का फडकं घेऊन टेबल पुसायला गेल्या, पुसता पुसता दोन तारांची अदलाबदल केली आणि फडकं झटकत निघून आल्या. काटा हलला. सर म्हणाले, बघा, सेलच खराब होता. हे सांगताना अक्कांना हसू आवरायचं नाही. सर लई चांगले होते, असंही वर म्हणायच्या.

हा घरचा टोपीवाला कायम अकरा पूर्णांक दोन दाखवायचा. मीटर, सेल, पट्टी ठीक आहे का, याची साक्ष त्याची. त्यानं अकरा-दोन सांगितलं की मग दिवसभर बाकीच्यांना विचारायचं.

डाग द्यायचं, म्हणजे शिसं वितळवून जोडायचं, काम मात्र त्यांचंच. कावीयाचं, म्हणजे डाग द्यायच्या गरम सळईचं, टोक दाण्याच्या पायाला लावलं की कानडीत मोजायच्या, ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू. नाल्कूला कावीया उचलायचा. त्यापुढं गेलं तर दाणा भाजतो. बाकी सगळं मराठीत बोलायच्या, मोजणं तेवढं आईच्या भाषेत. मला कानडी तेवढंच आलं, चारपर्यंत.

बँकेतले एक साहेब एकदा गिटारची डबी घेऊन आले होते. त्यातला जुना जपानी जेफेट गेला, तसला आता मिळत नाही, म्हणून त्यांनी दुसरा आणून त्याच भोकांत बसवला, तर डबी मुकी झाली. अक्कांनी चष्मासुद्धा घातला नाही. म्हणाल्या, "जपान्याचा गेट मधी असतो, ह्याचा कडंला. नाव बदललं तर पाय बी बघावं लागतात, साहेब." पाय वळवून बसवला आणि डबी बोलायला लागली. तरी त्यांनी ती परत दिली नाही. नव्या दाण्याचा आकडा मोजला, दोन रेझिस्टर बदलले आणि मगच दिली. साहेब म्हणत होते, आवाज येतोय की. अक्का म्हणाल्या, "येतोय, पर झोका भिंतीला टांगलाय."

झोक्याचं मी नंतर विचारलं. डबीत नऊचा सेल असतो. दाण्याच्या पायावर बरोबर त्याच्या निम्मं, साडेचार, आलं पाहिजे. पंचमीचा झोका मोकळ्या जागी, मधोमध टांगला तर दोन्ही अंगाला सारखा जातो. भिंतीजवळ टांगला तर हळू झोका घेताना कळत नाही, जोरात घेतला की एका बाजूला आपटतो. आवाजाचं तसंच, आपटला की फाटतो. आणि झोका मधोमध यायचा तर दाण्याच्या आकड्याप्रमाणे रेझिस्टर निवडायला लागतो. म्हणून हे ट्रे आणि रंग. हिरवा ठिपका असेल तर अमुक रेझिस्टर, गुलाबी असेल तर तमुक. माझा ठिपका बघून त्या हात घालायच्या.

आता जे लिहायचं त्यासाठीच ही वही उघडली.

हिमायतनगरकडून मारोतीमामा यायचे. गोंधळी. लग्नानंतर देवीचा गोंधळ घालायला त्यांच्या घरातल्या सहा पार्ट्या गावोगाव जातात. आता मांडवात मोठे स्पीकर असतात, संबळ त्यात घुमतो आणि तुणतुण्याचं कुणाला काही ऐकू येत नाही. अक्कांनी त्यांच्या तुणतुण्याच्या बुडाला बझरमधली, थरथर टिपणारी पितळी चकती चिकटवली आणि पुढं डबी जोडली. मामांनी तार छेडली. मग डोळे मिटून पाच मिनिटं नुसतं वाजवत बसले. उठताना म्हणाले, "अक्का, आमच्या आज्ज्याच्या टायमाला असं ऐकू यायचं. तवा माणसं गप बसायची." वैशाखातल्या लग्नसराईसाठी त्यांनी सहाही पार्ट्यांच्या डब्या सांगितल्या. एका डबीचे साडेआठशे, सहाचे एक्कावन्नशे, सगळे आगाऊ ठेवून गेले.

त्याच महिन्यात अक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. भाची नांदेडला, म्हणून त्या तिकडं गेल्या. जाताना दोनशे दाण्यांची नवी पुडी माझ्यापुढं ठेवली. म्हणाल्या, मी येईपर्यंत निवडून ठेव, आल्यावर लगेच डब्या करायच्या हायत.

मी रोज भांडी झाली की बसायची. तिसऱ्या दिवशी मीटरच्या कोपऱ्यात एक बारीक चौकोनी खूण आली. ती खूण म्हणजे मीटरच्या पोटातला सेल संपत आला, एवढं मला अक्कांनी सांगितलं होतं. नवा सेल आणायचा तर त्या दुकानात जायला पाहिजे. मालकांना सांगितलं असतं तर त्यांनी आणला असता, पण ते रात्री थकून यायचे आणि मला ते काम माझंच वाटत होतं. मग मी जे आमच्या गावी सगळे करतात तेच केलं. बॅटरीचे सेल मंद झाले की आम्ही पत्र्यावर उन्हात ठेवायचो, परत उजेड यायचा. मी मीटर उघडलं, सेल काढला आणि दुपारभर पत्र्यावर ठेवला. परत घातला तर खूण गेलेली. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपीवाला मोजला. अकरा-दोनच्या जागी अकरा-नऊ आले. मी विचार केला. अक्कांनीच सांगितलं होतं की ऊबेनं आकडा हलतो, आणि चैत्राचं ऊन होतं, सकाळीच अंगाला चटके बसत होते. म्हणजे उन्हामुळं हललाय. मी पुढं निवडत गेले. खूण आली की सेल पत्र्यावर. असं चार-पाचदा केलं. दोनशेच्या दोनशे दाण्यांवर ठिपके देऊन ट्रे फडक्यानं झाकून ठेवला.

अक्का काळा चष्मा लावून आल्या. मीटरवरचे बारीक आकडे अजून दिसत नव्हते, पण मामांना तारीख दिली होती. म्हणाल्या, "तुझा हात हाय न्हवं, मग परत मोजायचं कारण न्हाई." मी रंग सांगायची, त्या रेझिस्टर मागायच्या, ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू. शेवटी डबीतला झोका मधोमध आहे का ते मोजायची त्यांची पद्धत होती. त्या वेळी तेही केलं नाही, चकतीवर टिचकी मारून आवाज ऐकला आणि डबी बंद केली. टिचकीला सगळ्या बोलल्या. मामा येऊन घेऊन गेले.

तीन आठवड्यांनी ते सहाही डब्या पिशवीत घालून परत आले. रागावलेले नव्हते, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. सांगत होते, सुरुवातीला तुणतुणं नीट बोलायचं, आणि गोंधळ रंगात आला, हात जोरात पडला, की फाटका आवाज यायचा, कावळा ओरडल्यासारखा. एका लग्नात पोरं हसली. एका यजमानानं बिदागीतले पैसे कापले. शेवटी त्यांनी डब्या काढून टाकल्या आणि बिनडबीचं वाजवलं.

तोवर अक्कांचा काळा चष्मा गेला होता. भाचीनं त्याच आठवड्यात नवं मीटर पाठवलं होतं, ते त्यांनी घेतलं. पहिली डबी उघडली. साडेचार पाहिजे होते तिथं सात. दुसरी उघडली, पावणेसात. सहाही झोके भिंतीला. अक्का मागं टेकून बसल्या.

मामा म्हणाले, "अक्का, तुमचा दोष न्हाई. मालच डुप्लिकेट असंल. दुकानदारानं फसवलं तुमाला."

आणि ते पटण्यासारखं होतं. जेफेटमध्ये नकली माल किती येतो हे अक्का नेहमीच सांगायच्या. त्या हळूहळू मान हलवायला लागल्या. म्हणाल्या, वीस वर्षं त्या दुकानातून घेते, असं कधी केलं न्हाई त्यांनी. मग उठल्या, पिशवी घेतली, दुकानात जाऊन विचारते म्हणाल्या. चप्पल घालायला लागल्या.

मी भिंतीशी उभी होते. मला पत्र्यावरचा सेल दिसत होता. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. दुकानदार नाही म्हणाला असता, अक्का त्याच्यावर रागावल्या असत्या, वीस वर्षांचा संबंध तुटला असता, आणि मी उद्या सकाळी परत त्या टेबलाशी बसले असते. परक्या पुरुषासमोर मी तोवर कधी मोठ्यानं बोलले नव्हते. 

"अक्का, दुकानात जाऊ नका. मीटरचा सेल मी उन्हात ठेवला होता."

अक्का एका पायात चप्पल घालून थांबल्या. मी सगळं सांगितलं. खूण, पत्रा, चार-पाच वेळा. टोपीवाल्याचे अकरा-नऊ झाले तेही.

त्या परत येऊन बसल्या. जुन्या मीटरचं पोट उघडलं. सेलवरचा कागद उन्हानं पिवळा पडून सुटला होता. टोपीवाला जुन्या मीटरवर लावला, तेरा आले. नव्यावर लावला, अकरा-दोन.

"सेल मरायला लागला की मीटर चढवून सांगतं," अक्का म्हणाल्या. "दाणे होते अडीचाचे, तू लिहिलेस तिनाचे." मग विचारलं, "अकरा-नऊ बघून तुला काय वाटलं?"

मी म्हणाले, उन्हामुळं हललं असंल.

अक्कांनी डोळे पुसले, ऑपरेशन झालेला डोळा सारखा गळायचा. "उन्हानं ह्याचा आकडा कमी होतो, कौशे. वाढत न्हाई. हे मी तुला सांगितलंच न्हवतं. हलतो म्हणले, कुठल्या अंगाला ते न्हाई सांगितलं. आन् शेवटचं मोजायचं मी सोडलं." त्यांनी मामांकडं बघितलं. "निम्मी चूक हिची, निम्मी माझी. दुकानदाराची काय बी न्हाई."

मामा म्हणाले, जाऊ द्या, नीट करून द्या म्हंजे झालं. अक्कांनी त्याच दुपारी सहाही डब्यांतले दाणे काढले, नव्या मीटरवर मोजलेले घातले, प्रत्येकाचा झोका मला मोजायला लावला. साडेचार, साडेचार, चार-सहा. आणि डब्यांबरोबर एक्कावन्नशे रुपये मामांच्या हातात ठेवले. मामा घेईनात. अक्का म्हणाल्या, "डबी नीट झाली. लगीनसराई परत येणार हाय का?" तेव्हा त्यांनी पैसे कपाळाला लावून खिशात ठेवले.

मामा गेल्यावर मी म्हणाले, निम्मे माझ्याकडं. पंचवीसशे पन्नास. मला वाटलं होतं अक्का नको म्हणतील. पोळ्या करणाऱ्या बाईकडून कोण घेतं. अक्कांनी नको म्हटलं नाही. ही वही उघडली, शेवटच्या पानावर आकडा लिहिला आणि विचारलं, महिन्याला किती जमंल. मी म्हणाले दीडशे. त्यांनी कागदावर करून बघितलं. सतरा महिने. "बरं हाय," म्हणाल्या, "उद्या सकाळी लवकर ये, दोनशे दाणे परत निवडायचे हायत."

त्या रात्री मला चांगली झोप लागली. हे मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, पैसे द्यायचे आणि वर झोप लागते, तू येडी हायस. पण मला माहीत होतं. अक्कांनी पैसे सोडले असते तर मी पोळ्यावालीच राहिले असते.

दुसऱ्या वर्षी अक्कांचा दुसरा डोळा गेला, ऑपरेशनचाही अधू झाला, म्हणून भाची त्यांना कायमची नांदेडला घेऊन गेली. तोवर माझे नऊ हप्ते झाले होते. पुढचे मी साठवून नेऊन द्यायची. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून दोन-तीन महिन्यांनी एकदा जाणं जमायचं. अर्धापूरची केळी मिळाली तर एक फणी घ्यायची. भाची मला म्हणायची, ताई, पैसे फोनवरून पाठवा की. पण अक्कांना हातात लागायचे, आणि मलाही हातात द्यायचे होते.

शेवटच्या दीडशेला गेले तेव्हा लातूरहून निघायच्या आधी त्या दुकानात गेले. रसाच्या गाड्याजवळ थांबले, पण फार वेळ नाही. आत जाऊन म्हणाले, मीटरचा चौकोनी सेल द्या, ताजा द्या, तारीख बघून द्या. दुकानदारानं मुकाट्यानं दिला. तो कुणासाठी आहे हे सांगितल्यावर त्यानं अक्कांना नमस्कार सांगितला.

नांदेडला अक्का गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. दिसत जवळजवळ काही नव्हतं, तरी मांडीवर ताट होतं आणि ताटात दाणे, आणि त्या चिमट्यानं एकेक उचलून बोटाऐवजी नखानं सपाट अंग कुठलं ते चाचपत होत्या. मी सेल हातात दिला. त्यांनी तो कानापाशी नेऊन हलवला, जिभेला लावला, तोंड वाकडं केलं. "ताजा हाय. कुणी आणला?" मी म्हणाले, मी. दुकानात जाऊन, मागून आणला. त्यांनी सेल खिडकीच्या सावलीत ठेवला. मग मुद्दाम उचलून उन्हात ठेवल्यासारखं केलं, आणि आम्ही दोघी हसलो.

दीडशे रुपये माझ्याकडं दहा-दहाच्या नोटांत होते, पोळ्यांच्या पैशांतून तसेच साठत गेलेले. मी ते त्यांच्या मांडीवर ठेवले. भाची म्हणाली, मी मोजते. अक्का नको म्हणाल्या. ताट बाजूला ठेवलं, नोटा हातात घेतल्या, अंगठ्यानं एकेक सरकवायला लागल्या. ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू. मी सवयीनं थांबले. त्या थांबल्या नाहीत. ऐदू, आरू, एळू, एंटू. पुढचे आकडे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. ओंबत्तू, हत्तू. ऊन त्यांच्या हातावर होतं, आणि खालून भाजीवाल्याचा आवाज येत होता. शेवटची नोट सरकवून त्या म्हणाल्या, हदिनैदू. मग वही मागितली, शेवटचं पान मी उघडून दिलं, त्यांनी बोटानं जागा चाचपली आणि तिरक्या ओळीत लिहिलं, "पूर्ण मिळाले". खाली सही केली आणि पेन माझ्याकडं दिलं, तू पण कर म्हणाल्या. मी कौसल्या असं लिहिलं.

हदिनैदू म्हणजे पंधरा.